मोरीवरचा ठोंब

पहूरच्या आठवडे बाजारात पावसाळ्याच्या दिवसांत मेथी, शेपू, अंबाडीच्या ढिगांना लागून, गोणपाटाच्या अगदी कडेला गवती चहाच्या जुड्या पडलेल्या असतात. चार-सहाच. त्याच गवताच्या पातीनं बांधलेल्या. भाजीवाली त्यांच्यावर पाणी शिंपडत नाही की त्यांच्या नावानं हाक देत नाही. ज्याला हवी तो वाकून जुडी उचलतो, नाकाला लावतो आणि पिशवीत टाकतो.

गेल्या वर्षी श्रावणात मी एका मावशीला विचारलं, "शेतातला का हा?"

"शेतात कोन लावते भाऊ याले?" ती म्हणाली. "मोरीवरला हाये. सकाय तोडला, भाजीसंग आनला."

मोरीवरला. आमच्या भागातल्या जुन्या घरांत न्हाणीचं आणि भांडी घासल्याचं पाणी मागच्या भिंतीतून बाहेर पडतं. भर वैशाखात, वाघूर नदीच्या पात्रात नुसते गोटे उरतात तेव्हाही, घराभोवती ओल असते ती तेवढ्याच हातभर जागेत. तिथं केळीचा एखादा खुंट, चार अळूची पानं आणि गवती चहाचा ठोंब. त्याला कुणी खत घालत नाही, फवारणी करत नाही. गुरं तोंड लावत नाहीत. पातीची कड इतकी धारदार की घाईनं ओढली तर बोट चिरतं. विळीवर कापावी, नाहीतर मुळापासून वीतभर वर धरून कात्रीनं. पुन्हा फुटते.

आमच्या घरचा ठोंब आजीनं शेंदुर्णीहून आणला होता, पीजेतून. पाचोरा-जामनेर या छोट्या गाडीला इकडे सगळे पीजेच म्हणत. १९१८-१९ च्या सुमाराला सुरू झालेली ही छपन्न किलोमीटरची अरुंद वाट पहूरवरून जायची, आणि त्या डब्यांतून कापसाच्या भोतांइतकीच माहेरची रोपंही सासरी गेली असतील. आजीनं ठोंब ओल्या फडक्यात बांधून मांडीवर धरून आणला, हे आमच्या घरात इतक्या वेळा सांगितलं गेलं आहे की मला तो प्रवास स्वतः पाहिल्यासारखा वाटतो.

त्या गोष्टीतला खरा अर्थ मला फार उशिरा कळला. गवती चहाला आपल्याकडे फुलोरा क्वचितच येतो, बी धरतच नाही म्हटलं तरी चालेल. तो वाढतो तो ठोंब फोडूनच. जुन्या गड्ड्याचे हातानं तुकडे करायचे आणि दुसरीकडे लावायचे. म्हणजे शेंदुर्णीच्या मोरीवर जो होता तोच आमच्या मोरीवर आला. आंब्याच्या कोयीतून उगवतं ते आंब्याचं लेकरू असतं. इथं तसं नाही. हे तेच झाड, त्याच देहाचा तुकडा. आमच्या ठोंबातला तुकडा आत्यानं जळगावला नेला, जळगावहून मामेबहिणीनं पुण्याला गॅलरीतल्या कुंडीत नेला. आजी जाऊन एकवीस वर्षं झाली. तिनं मांडीवर आणलेलं झाड एकाच वेळी चार गावांत उभं आहे, आणि यातल्या एकाही हस्तांतराला पैसा लागलेला नाही.

*

या गवताचं शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन सिट्रॅटस. ग्रीकमध्ये सिंबे म्हणजे नाव, होडी. पोगॉन म्हणजे दाढी. फुलोऱ्याला होडीच्या आकाराचं आवरण आणि त्यातून डोकावणारे दाढीसारखे तुरे, म्हणून हे कुळनाव. जिच्या नावात फुलोरा आहे तीच जात आमच्याकडे फुलत नाही. क्यू इथल्या उद्यानातल्या ओटो श्टाफ यांनी १९०६ साली भारत आणि सिलोनमधल्या तेलगवतांवर मोठा निबंध लिहिला, तेव्हा या साऱ्या भावंडांची नीट वेगवेगळी ओळख पटली.

आपलं मराठी नाव मात्र पाहा. गवती चहा. कोकणात पातीचा चहा. सीमेपलीकडे गुजरातीत लीली चा, म्हणजे हिरवा चहा. नावात चहा आहे, पण चहाच्या झाडाशी याचं काडीचंही नातं नाही. तो झुडूप, हा तृण. चहाची पत्ती गावोगावच्या चुलीवर पोचली ती विसाव्या शतकात. चहाच्या मळेवाल्यांनी आणि त्यांच्या प्रचार मंडळांनी रेल्वे स्टेशनांवर आणि बाजारांत ठाणी मांडून तिची सवय लावली. त्याआधीही गवत होतंच. चरकसंहितेत हिरव्या, ओल्या खाण्याच्या वनस्पतींच्या वर्गात भूस्तृण येतं; तिखट, रूक्ष, उष्ण आणि तोंड स्वच्छ करणारं. सुश्रुताच्या सुरसादी गणात तुळशीच्या पंगतीत ते पुन्हा भेटतं. भूस्तृण म्हणजे आजचा गवती चहा असं बरेच अभ्यासक मानतात. इतकं जुनं कुळ असून आज हाक मारायची तर चहाचं नाव उसनं घ्यावं लागतं. हे मला लागून राहिलं आहे, कारण या गवताच्या सख्ख्या बहिणीचंही असंच झालं. तिच्याकडे येतोच.

आधी कपातलं सांगतो, कारण पहूरमध्ये गवती चहा म्हणजे कपातलाच. माझी माय भांड्यात पाणी ठेवते, पातीची गुंडाळी करून हातानं दोनदा पिळते, मग कात्रीनं कापून टाकते. ठेचलेलं आलं. साखर. वर झाकण. पाण्याला रंग चढला की पत्ती, आणि शेवटी दूध. झाकणावर तिचा फार कटाक्ष. "उघडं उकळलं का वास शेजारणीच्या घरी जातो," असं ती म्हणते. यात रसायनशास्त्र अगदी बरोबर आहे. या वासाचा बहुतेक भाग सिट्राल नावाच्या द्रव्याचा. पातीत तेल थोडंच असतं, पण त्या तेलात सिट्राल शेकडा सत्तर ते ऐंशी भरतं आणि ते वाफेबरोबर उडतं. लिंबाच्या सालीच्या तेलात हेच सिट्राल शेकडा दोन-पाच असतं, आणि तेवढ्यावर लिंबाचा वास उभा राहतो. म्हणून गवती चहा चुरगाळला की आधी लिंबू आठवतं. पिळण्यालाही कारण आहे. तेल पातीच्या आतल्या पेशींत कोंडलेलं असतं, पेशी फुटल्याशिवाय ते पाण्यात उतरत नाही.

औषधाचं काय? सर्दी, पडसं, अंगात कसकस, पाऊस अंगावर घेतलेला असला की काढा. गवती चहा, आलं, तुळशीची पानं, चार मिरे, गुळाचा खडा. प्यायचा, गोधडी पांघरायची, घाम आला की बरं वाटतं. पोट फुगलं तरी हाच. लहान असताना मला ताप आला की घरात या काढ्याचा वास पसरायचा, आणि आजही तो वास आला की अंग सैल पडतं. २०२० साली आयुष मंत्रालयानं जो काढा सांगितला त्यात तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुका होत्या. गवती चहा नव्हता. पहूरच्या घरांनी तो आपणहून घातला. टाळेबंदीत बाजार बंद असताना मोरी काही बंद नव्हती.

पण मी या गवतावर प्रेम करतो म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत सिट्राल बुरशीला आणि काही जिवाणूंना मारतं, हे खरं. माणसाच्या शरीरात एक कप चहा तेवढंच करेल असं त्यावरून ठरत नाही. ब्राझीलमध्ये हाच चहा झोप यावी, मन शांत व्हावं म्हणून घरोघरी पितात. तिथल्या संशोधकांनी निरोगी माणसांना तो पाजून पाहिला आणि १९८६ साली निष्कर्ष छापला: अपाय काही दिसला नाही, पण झोपेवर किंवा चिंतेवर परिणामही दिसला नाही. याचा अर्थ चहा निरुपयोगी असा मी घेत नाही. गरम पाणी, आलं, गूळ, कपाळावर आईचा हात आणि हा वास, यानं आजारी माणसाला हुशारी वाटते, आणि ती खरी असते. पण याच्या जोरावर साखरेच्या गोळ्या बंद करायला सांगणारे, डेंगीवर याचे डोस ठरवून देणारे संदेश गावातल्या फोनांवर फिरतात, तेव्हा मला राग येतो. ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही तर दवाखाना गाठावा. गरोदर बाईनं काढ्याचा मारा करू नये. आणि बाटलीतलं तेल म्हणजे पातीचा चहा नव्हे. शंभर किलो ओल्या पातीतून जेमतेम पाव ते अर्धा किलो तेल निघतं, इतकं ते तीव्र. ते पिण्याची वस्तू नाही.

*

आता बहीण.

दसऱ्यानंतर एका रविवारी मी पहूरहून अजिंठ्याच्या बाजूला, फर्दापूरकडे गेलो. वाघूर तिकडूनच येते. लेण्यांच्या डोक्यावरच्या कुंडांतून उड्या घेत खाली उतरते आणि लेण्यांचा तो घोड्याच्या नालासारखा कातळ तिनंच कोरला आहे. पर्यटक ज्या वाटेनं जातात ती सोडून बाजूच्या उतारावर चढलो. गवत कंबरेच्या वर. बहुतेक पिवळं पडू लागलेलं, पण मध्येच पट्टे तांबूस. तुरे लालसर, पानं रुंद, बुडाशी खोडाला कवटाळणारी. एक तुरा तळहातावर चोळला.

गुलाब. जरासा तिखट, गवताळ, पण गुलाबच.

हे रोशा गवत. विदर्भात आणि मेळघाटाकडे याला तिखाडी म्हणतात, संस्कृतात रोहिष. तेलाला जुना मराठी शब्द रोशेल. सांधे धरले, कंबर धरली की चोळायचं तेल म्हणून म्हाताऱ्या माणसांना हा शब्द अजून ठाऊक आहे. शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. गवती चहाच्या तेलात सिट्राल, याच्या तेलात जेरॅनिऑल, शेकडा पंचाहत्तर ते नव्वद. गुलाबाच्या अत्तरातही हेच जेरॅनिऑल मोठ्या वाट्यानं असतं. उतारावर गुलाबाचा वास आला तो यामुळे.

आणि मार्टिनी कोण? क्लॉड मार्टिन, फ्रान्समध्ये जन्मलेला, ईस्ट इंडिया कंपनीत जनरलपदाला पोचलेला, लखनौच्या ला मार्टिनिएर शाळेचा दाता. अठराव्या शतकाच्या अखेरीला टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत बालाघाटच्या पठारावर त्यानं पाहिलं की छावणीची गुरं एक उंच वासाचं गवत आवडीनं खातात आणि त्यांच्या दुधाला, लोण्याला, मांसाला तो वास लागतो. त्यानं बी गोळा केलं, लखनौला पेरलं आणि कलकत्त्याला वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे पाठवलं. रॉक्सबर्ग यांनी गवताला मार्टिनचं नाव दिलं. ज्या गुराख्यांना हे गवत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं त्यांच्यापैकी कुणाचं नाव लागणं त्या काळात शक्यच नव्हतं.

खानदेशचा या गवताशी संबंध किती खोल होता हे मला कळलं ते १८८० साली छापलेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटिअरमधून. तेव्हाचा खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मिळून. त्यात रोशा तेलाच्या भट्टीचं वर्णन आहे, आणि ते इतकं बारकाईचं आहे की वाचून कुणी आजही भट्टी लावू शकेल.

धंद्याचं मूळ गाव पिंपळनेर, साक्रीजवळचं. तिथलं गवत विरळ झालं तशा भट्ट्या नंदुरबार, शहादा, तळोदा या बाजूंना सरकल्या. तेल काढणारे मुसलमान कारागीर होते. पावसाळा सरता-सरता, सप्टेंबरच्या सुमारास गवत फुलावर आलं की ते भिल्लांकडून विकत घेत आणि ओढ्याकाठी, जिथं सरपण आणि वाहतं पाणी दोन्ही हाताशी असेल तिथं, चूल खणत. तिच्यावर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी कढई. आत थोडं पाणी, वर काठोकाठ चिरलेलं गवत. तोंडावर धातूची थाळी ठेवून कड कणकेनं लिंपायची. थाळीच्या भोकातून बांबूची नळी. तिच्यावर फडकं गुंडाळून उडदाच्या पिठाचा लेप आणि वरून दोरी. नळीचं दुसरं टोक वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या दुसऱ्या बंद भांड्यात. गवतातून उठलेली वाफ नळीतून जाते, गार भांड्यात पाणी होते आणि तेल वर तरंगतं.

कणीक आणि उडीद. हे वाचताना मी थांबलो. खानदेशच्या स्वयंपाकघरातल्याच दोन वस्तू, आणि त्यांच्या जोरावर वाफ कोंडली जात होती. कनौजचे अत्तरवाले देग आणि भपक्यानं आजही ज्या रीतीनं अत्तर काढतात तीच ही रीत. फुलाची वाट पाहण्यातही शहाणपण होतं. या गवताचं तेल सगळ्यात जास्त असतं ते फुलोऱ्यात.

त्या नोंदीनुसार १८७९-८० साली जिल्ह्यात १९७ भट्ट्या होत्या आणि त्यांतून ७१ हंड्रेडवेट तेल निघालं. एक हंड्रेडवेट म्हणजे पन्नास किलोंहून थोडं जास्त; एकूण साधारण छत्तीसशे किलो. आकडा लहान वाटतो. पण आजच्या हिशेबानं उतारा अर्धा टक्का धरला तरी छत्तीसशे किलो तेलाला सातशे टनांहून जास्त गवत लागतं. तेव्हाच्या भट्टीचा उतारा याहून चांगला असण्याचं कारण नाही, म्हणजे प्रत्यक्षात जास्तच. सातशे टन गवत, सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या टोकाच्या उतारांवरून, सगळं विळ्यानं कापून, डोक्यावरून ओढ्याकाठी उतरवलेलं.

तेल बुधल्यांत भरायचं. बुधला म्हणजे कातड्याचं तोंड आवळलेलं भांडं. बुधले बैलांच्या पाठीवर लादून कोंडाईबारीच्या घाटातून सुरतेला जात, नाहीतर धुळे-मनमाडमार्गे मुंबईला. आज कोंडाईबारीतून धुळे-सुरत महामार्गावरचे ट्रक अहोरात्र घरघरत असतात. त्या वळणांवरून बैलांचा तांडा गुलाबाचा वास सांडत उतरला असेल, ही कल्पना मला त्या घाटात प्रत्येक वेळी येते.

मुंबईहून पुढं अरब व्यापारी. तांबड्या समुद्रातली बंदरं, तिथून इस्तंबूल. तिथं या तेलाला इद्रिस यागी म्हणत. लिंबाच्या रसाच्या पाण्यात घुसळून, उथळ भांड्यांत उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा घालवत आणि मग ते बाल्कन पर्वताच्या पायथ्याला, कझानलिकच्या गुलाबशेतांकडे जाई. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात. भट्टीत घालण्याआधी पाकळ्यांवर हे गवताचं तेल शिंपडलं की उतारा वाढे, वास फारसा बिघडत नसे. युरोपातल्या दुकानांतून शुद्ध तुर्की गुलाब म्हणून विकल्या गेलेल्या किती कुप्यांत नंदुरबारचा डोंगर होता, याची मोजदाद आता होणार नाही. इस्तंबूलमार्गे आलं म्हणून युरोपात या तेलालाच तुर्की जिरेनियम तेल म्हणू लागले. ना ते तुर्की, ना ते जिरेनियमचं. १८७१ साली याकोब्सेन यांनी याच भारतीय तेलातून जेरॅनिऑल प्रथम वेगळं काढलं, आणि त्या द्रव्याच्या नावातही जिरेनियमच राहिलं. एका नावामागे दुसरं नाव चढत गेलं आणि खानदेश खाली दबून गेला.

भेसळीच्या कामी आलं म्हणून या धंद्याची लाज वाटावी असं मला वाटत नाही. भेसळ कझानलिकला होत होती. पिंपळनेरला तेल काढलं जात होतं, आणि ते अस्सल होतं.

फर्दापूरच्या उतारावरून आणलेले चार तुरे मी मायपुढं ठेवले. तिनं चोळून वास घेतला, गवती चहाची पात दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा घेतला. मी तिला सगळं सांगितलं; भिल्ल, भट्ट्या, बुधले, घाट, इस्तंबूलचे गुलाब. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "मंग ज्यानं कापलं त्याले काय भेटलं?"

त्या नोंदीत भट्ट्या मोजलेल्या आहेत, तेल वजन केलेलं आहे, चुलीच्या खड्ड्याची लांबी-रुंदीसुद्धा दिली आहे. कापणारे मात्र नावानिशी कुठंच नाहीत. 'भिल्ल' हा एकच शब्द. १८७८ च्या कायद्यानं जंगलं राखीव होत गेली आणि ज्या उतारांवर गवत उगवत होतं त्यांवर सरकारी शिक्का पडत गेला. पुढं वऱ्हाडात तिखाडीचे लिलाव होऊ लागले, ठेकेदार आले. विसाव्या शतकात जेरॅनिऑल कारखान्यात तयार होऊ लागलं, आणि ओढ्याकाठच्या चुली विझल्या. आज पिंपळनेरला जाऊन रोशेल विचारलं तर तरुण माणूस तोंडाकडे पाहतो. मी विचारून पाहिलं आहे.

*

आता गवत पुन्हा आलं आहे, वेगळ्या वेषात. गेल्या आठ-दहा वर्षांत गवती चहाच्या शेतीचा बोलबाला सुरू आहे. लखनौची सीमॅप ही संस्था १९५९ पासून सुगंधी वनस्पतींवर काम करते. कृष्णा, प्रगती, कावेरी अशा लेमनग्रासच्या जाती तिच्याच. केरळात ओडक्कालीला १९५१ पासून या गवताचं संशोधन केंद्र आहे, आणि तिथून आलेली ओडी-१९ ही जात देशभर पसरली. २०१७ मध्ये केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं अरोमा मिशन सुरू केलं. एकेकाळी हे तेल आयात करणारा देश निर्यात करू लागला, याचं श्रेय या कामाला आहे आणि ते दिलं पाहिजे. शेतात लावतात ती बहुधा मोरीवरची जात नसते. फ्लेक्झुओसस नावाची तिची जवळची बहीण असते, बियांनीही वाढणारी. पण वास तोच, सिट्राल तेच.

गुण खरे आहेत. एकदा लावलं की चार-पाच वर्षं कापत राहायचं. रानडुकरं आणि नीलगायी याच्या वाटेला जात नाहीत, आणि डोंगराकडेच्या शेतकऱ्याला हा आज फार मोठा दिलासा आहे. हलक्या जमिनीत येतं. कपाशीसारखी फवारणीची साखळी मागे लागत नाही.

अडचण वेगळ्या जागी आहे. माझ्या नात्यातल्या एकानं जामनेर तालुक्यातल्या आपल्या शेतात दोन एकर लावलं. रोपं देणाऱ्या कंपनीनं तेल उचलण्याचं आश्वासन दिलं होतं. पहिली कापणी आली तेव्हा सर्वांत जवळचं ऊर्ध्वपातन यंत्र इतकं दूर होतं की ट्रॅक्टरचं भाडंच तेलाच्या किमतीच्या घरात जाई. गवत बांधावर पडून राहिलं. फोन आधी उचलले जात होते, मग उचलले गेले नाहीत. तिसऱ्या पावसाळ्यात त्यानं नांगर घातला. "वास चांगला येत होता नांगरताना," एवढंच तो मला म्हणाला.

कोणत्याही सरकारी पुस्तिकेत एकरी उत्पन्नाचा तक्ता पहिल्या पानावर असतो आणि भट्टीची गोष्ट शेवटी. १८८० च्या खानदेशी कारागिराला हे उलटं वाटलं असतं. तो आधी ओढा पाहायचा, सरपण पाहायचा, चूल खणायचा, मग गवत विकत घ्यायचा. गवताजवळ भट्टी नेणं हा त्या धंद्याचा पाया होता, कारण शंभर किलो गवत वाहून नेणं म्हणजे साडेनव्याण्णव किलो पाणी आणि चोथा वाहून नेणं. आज पाच-सात गावांनी मिळून एक टाकी, एक बॉयलर, तेल साठवायला ॲल्युमिनियमचे किंवा स्टीलचे डबे, आणि तेल तपासून देणारं एक विश्वासाचं ठिकाण उभं केलं तर हे पीक आमच्याकडे टिकेल. ते आधी, लागवड नंतर. मला हे आग्रहानं सांगायचं आहे.

तेलाच्या भावाचंही असंच. १८९३ साली टीमान आणि क्रुगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सिट्रालपासून आयोनोन तयार केलं, म्हणजे व्हायोलेट फुलाचा वास. त्याच वाटेनं १९४७ मध्ये बाझेलच्या हॉफमन-ला रोश कंपनीत ओटो इस्लर यांच्या गटानं जीवनसत्त्व अ बनवलं. गवताच्या वासापासून डोळ्यांच्या औषधापर्यंत जाणारी ही वाट पाहिली की मला आनंद होतो. पण तीच वाट पुढं खनिज तेलाकडे वळली आणि सिट्राल कारखान्यात तयार होऊ लागलं. २०१७ च्या ऑक्टोबरअखेरीला जर्मनीत लुडविग्सहाफेनला बीएएसएफच्या सिट्राल कारखान्यात आग लागली, तेव्हा जगभरच्या अत्तर-साबण उद्योगात टंचाई झाली. कुठल्यातरी एका टाकीला आग लागते आणि जामनेरच्या दोन एकराचा भाव हलतो. शेतकऱ्याला तेल विकायला निघताना हे ठाऊक असलं पाहिजे, आणि ते त्याला सांगण्याचं काम रोपं विकणाऱ्यांचं आहे.

रोशाबद्दल बोलणारे याहून कमी. सीमॅपनं तृष्णा, तृप्ता, वैष्णवी या जाती दिल्या आहेत, आणि कोरडवाहू जमिनीत ते गवती चहापेक्षाही काटक आहे. नंदुरबार-अक्कलकुव्याच्या उतारांवर आता वनहक्काचे सामूहिक दावे मान्य झालेली गावं आहेत. २००६ च्या कायद्यानं गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क गावसभेला दिला आहे. उतारावरचं गवत, त्याचा हक्क आणि कापणारा हात, हे तिन्ही जवळपास दीडशे वर्षांनी पुन्हा एका ठिकाणी येऊ शकतात. भट्टी त्या गावाच्या मालकीची असली तर मायनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळेल.

*

यंदा मृगाचा पाऊस लांबला. आर्द्रात दोन सरी झाल्या तेव्हा मायनं ठोंब फोडायला काढला. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, तरी खुरपं तिनं माझ्या हाती दिलं नाही. कडेनं माती मोकळी केली, गड्डा उपटून दगडावर आपटला, मुळांतली माती झाडली. पाती वीतभर ठेवून बाकीची कापली. पाच तुकडे झाले. एक परत मोरीवर. एक शेजारच्या नव्या सुनेला. ती नेरची, धुळ्याकडली, आणि तिच्या घराला मोरीच नाही, सगळं पाणी पाइपातून गटारीत जातं. मायनं तिला बेसिनखाली बादली ठेवायला सांगितलं. एक तुकडा माझ्यासाठी, ओल्या गोणपाटात. उरलेले दोन कोणासाठी, ते विचारलं तर म्हणाली, "येईन ना कोनी."

मग तिला कपाट उघडायचं होतं, पंचमीचं लुगडं काढायला. लोखंडी ट्रंक खाली होती. फर्दापूरचे ते चार तुरे तिनं गेल्या वर्षी तिच्यात टाकले होते, हे मला माहीतच नव्हतं. तुरे वाळून नुसत्या काड्या झाल्या होत्या, हात लावताच मोडल्या. तिनं लुगडं उलगडलं आणि घडीत नाक खुपसलं, मग माझ्यासमोर धरलं.

वास होता.